घरकुल, सोडत आणि पैशांचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझं वर्षाचं उत्पन्न 5 लाख 40 हजार, पत्नीचं 3 लाख 10 हजार. कल्याणमधल्या म्हाडाच्या 20 टक्के योजनेत (बिल्डरने मोठ्या प्रकल्पात कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी बांधायची घरं) माझ्या एकट्याच्या उत्पन्नावर अत्यल्प गटात अर्ज केला तर चालेल का? शिवाय साताऱ्याकडे वडिलोपार्जित घरात माझा हिस्सा आहे. त्याची अडचण येईल का? (कल्याण)

उत्तर : चालणार नाही. म्हाडा कुटुंबाचं उत्पन्न पाहते, म्हणजे नवरा-बायको दोघांचं मिळून. तुमचं होतं साडेआठ लाख. मुंबई महानगर प्रदेशात 6 लाखांपर्यंत अत्यल्प, 6 ते 9 लाख अल्प, 9 ते 12 लाख मध्यम आणि त्यापुढे उच्च उत्पन्न गट, ही 2022 पासूनची मर्यादा आहे. तुम्ही अल्प गटात बसता. पत्नीचं उत्पन्न न दाखवता अर्ज भरलात आणि घर लागलं, तरी आयकर विवरणपत्र तपासताना ते बाहेर येतंच. हातात पडणारा पगार धरूनही चालत नाही, कारण पीएफ कापण्याआधीचा आकडा त्याहून मोठा असतो. 9 लाखांच्या काठावर असलेल्यांची गफलत हमखास इथे होते.

साताऱ्याच्या घराचं उत्तर योजनेवर अवलंबून आहे. म्हाडाच्या नेहमीच्या सोडतीत अट एवढीच, की घर ज्या पालिकेच्या हद्दीत आहे तिथे अर्जदाराच्या, जोडीदाराच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर घर नको. त्यामुळे गावचं घर आड येत नाही. पंतप्रधान आवास योजनेत मात्र देशात कुठेही पक्कं घर असेल तर माणूस अपात्र ठरतो. एकाच जाहिरातीत दोन्ही प्रकारची घरं असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी जाहिरातीत त्या घरांच्या संकेत क्रमांकासमोरचं (कोड नंबरसमोरचं) योजनेचं नाव वाचा.

कागदपत्रं जाहिरात निघण्याआधी तयार ठेवा. आता पात्रता सोडतीआधीच ऑनलाइन तपासली जाते. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. अधिवास दाखला बारकोडचा, 2018 नंतरचा हवा; कपाटातला जुना दाखला उपयोगाचा नाही.

प्रश्न : 22 लाखांचं घर लागलं तर हाताशी किती रोकड लागेल? बँक ‘सगळं लोन करून देतो’ म्हणते. (डोंबिवली)

उत्तर : सगळं करून देत नाही. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँकेला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देता येतात. घर 10 लाखांहून महाग असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च किमतीत धरता येत नाही. म्हणजे स्वतःचे 10 टक्के 2 लाख 20 हजार. मुद्रांक शुल्क करारातल्या किमतीवर 7 टक्के धरलं तर 1 लाख 54 हजार. नोंदणी 1 टक्का, 22 हजार. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची पालिकेची परवानगी) मिळालेलं नसेल तर जीएसटी 1 टक्का, आणखी 22 हजार. बेरीज 4 लाख 18 हजार. मेंटेनन्सची आगाऊ रक्कम वेगळी. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. दोघांच्या नावावर घेतलं तर ती जाते.

आता वेळेचं. म्हाडाने स्वतः बांधलेल्या घराचे पहिले 25 टक्के साधारण 45 दिवसांत आणि उरलेले पुढच्या 60 दिवसांत भरायचे असतात. इथे पहिला हप्ताच साडेपाच लाखांचा. गहाणासाठी म्हाडाचं ना-हरकत पत्र लागतं आणि बँकेचं वकिली काम रेंगाळतं, म्हणून कर्जाची पूर्वमंजुरी सोडतीआधीच घेऊन ठेवा. 20 टक्के योजनेतलं घर असेल तर सोडत म्हाडा काढते, पण करार आणि पैसे बिल्डरशी. तिथे रेरा कायद्याने (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) नोंदणीकृत करार होण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पार्किंग, क्लबहाउस, ‘इन्फ्रा चार्जेस’ अशा नावांनी वरचे पैसे मागितले जातात. जाहिरातीत किंमत कशासकट लिहिली आहे त्याचं पान जपून ठेवा आणि मागणी लेखी घ्या.

प्रश्न : आमच्या भागात मोठमोठे टॉवर उठताहेत, पण सोडतीत बदलापूरच्या या प्रकल्पांची नावं दिसत नाहीत. बिल्डर 20 टक्के घरं चुकवतात का? (बदलापूर)

उत्तर : चुकवण्याआधी नियम लागू असायला हवा. 20 टक्क्यांची तरतूद 2013 ची, आणि ती आली 10 लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांसाठी. 2011 च्या जनगणनेनुसार ठाणे, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, नवी मुंबई त्यात बसत होती. मीरा-भाईंदर, भिवंडी, उल्हासनगर बसत नव्हती, आणि बदलापूर तर नगरपरिषद. ज्या शहरांकडे खरी गर्दी सरकते आहे तीच वगळली गेली, हा या नियमाचा मूळ दोष.

जिथे लागू आहे तिथे दुसरी मेख 4000 चौरस मीटरची, म्हणजे सातबारावरच्या 40 आरची. त्याहून लहान भूखंडाला अट नाही. म्हणून एकच जमीन पोटहिस्से पाडून दोन-तीन प्रकल्पांत दाखवली जाते. शंका असेल तर रेराच्या संकेतस्थळावर शेजारच्या प्रकल्पांचे गट क्रमांक आणि भूखंडाचं क्षेत्र ताडून पाहा. हिशेब सोपा आहे : 6000 चौरस मीटर भूखंड, मूळ एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) 1.1, म्हणजे 6600 चौरस मीटर बांधकाम. त्याचे 20 टक्के 1320. घरं 30 ते 50 चौरस मीटरची बांधायची असतात. सरासरी 40 धरली तर 33 घरं. बिल्डरला या बांधकामाचा एफएसआय वाढीव मिळतो, तेव्हा ‘आमच्या खिशातून जातं’ ही ओरड अर्धीच खरी.

प्रश्न : नगरपरिषदेने आरक्षित जागेवर 300 घरकुलांचा प्रस्ताव आणला आहे. नागरिकांनी काय तपासावं? (कर्जत)

उत्तर : आधी पाणी. माणशी रोज 135 लिटर, घरात पाच माणसं धरली तर 300 घरांना 2 लाख लिटरवर पाणी लागतं, आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर येतं. पाणी कुठल्या टाकीतून येणार आणि सांडपाणी कुठल्या नाल्यात जाणार, हे प्रकल्प अहवालात आकड्यांनिशी हवं. विरार-बोळींजला म्हाडाची सुमारे दहा हजार घरं उभी राहिली, पण पाणी मागाहून आलं आणि हजारो घरं वर्षानुवर्षं पडून राहिली. टँकरच्या भरवशावर स्वस्त घरही कुणी घेत नाही.

मग जागा. विकास आराखड्यात जागेचं आरक्षण दुसऱ्याच कामाचं असेल तर नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली फेरबदल करून घ्यावा लागतो. ते न करता निविदा काढली तर काम अर्ध्यावर अडकतं. जागा स्टेशनपासून चालत किती, हेही पाहा. रिक्षाचे रोजचे दोन फेरे घराच्या हप्त्यात धरले की स्वस्ताई विरते.

तिसरं, पैसा. आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख दर घरामागे मिळतात, बाकी लाभार्थ्याने भरायचे. अनुदान टप्प्याटप्प्याने येतं. लाभार्थ्यांची यादी आधी नक्की नसेल आणि त्यांची कर्जं मंजूर झाली नसतील, तर ठेकेदाराचं बिल थकतं आणि काम पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर थांबतं. शेवटी उंची. लिफ्ट, पंप आणि अग्निशमन यंत्रणा असलेल्या टॉवरचा मेंटेनन्स अत्यल्प गटाला झेपत नाही. दोन वर्षांत लिफ्ट बंद पडते आणि सातव्या मजल्यावर हंडे डोक्यावरून जातात. जागा पुरत असेल तर चार मजलीच मागा.

प्रश्न : एक जण तीन लाखांत ‘कोट्यातलं’ घर देतो म्हणतो. पावतीही देणार आहे. (विरार)

उत्तर : देऊ नका. म्हाडाने एजंट नेमलेले नाहीत. राखीव प्रवर्गाची घरंही सोडतीतच जातात, आणि न विकलेली घरं ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ म्हणून म्हाडा स्वतःच्या संकेतस्थळावर देते. तिथे अनामत रक्कम तुमच्याच खात्यातून ऑनलाइन जाते. पैसे आधीच दिले असतील तर पावती आणि मोबाइलवरचे संदेश घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा आणि तिची प्रत म्हाडाच्या दक्षता विभागाला द्या.