सोलापूर–पुणे प्रवासासाठी फास्टॅगचा वार्षिक पास केव्हा परवडतो?

सोलापूरहून स्वतःच्या मोटारीने दर महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याला जाणाऱ्याने वार्षिक पास घ्यावा की दर वेळी टोल भरावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घ्यावा. मात्र हिशेब करून घ्यावा.

राष्ट्रीय महामार्गांवरील टोलसाठी १५ ऑगस्ट २०२५ रोजी हा पास सुरू झाला तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये होती, आणि एक वर्ष किंवा २०० फेऱ्या यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर तो चालतो. त्या किमतीने येणारा फेरीला १५ रुपये हा आकडा सगळ्या फेऱ्या वापरणाऱ्यापुरताच खरा आहे. शिवाय या मार्गावर एक नाका एकदा ओलांडला की एक फेरी धरली जाते. त्यामुळे सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी आणि पाटस हे चार नाके धरता पुण्याला जाऊन येण्यात आठ फेऱ्या खर्च होतात.

पासच्या किमतीला भागायचे ते आपल्या जाण्यायेण्याच्या प्रत्यक्ष टोलने, आणि तो परतण्याच्या वेळेवर ठरतो. चोवीस तासांच्या आत परतल्यास दोन्ही बाजूंचा टोल एकेरीच्या दीडपट पडतो, मुक्काम केल्यास दुप्पट. केवळ हिशेबाच्या सोयीसाठी पासची किंमत सुरुवातीची ३,००० रुपये आणि चारही नाक्यांचा एकेरी टोल ४०० रुपये धरला, तर त्याच दिवशी परतणाऱ्याचे पैसे पाच वेळा जाऊन आल्यावर फिटतात, मुक्काम करणाऱ्याचे चौथ्याच वेळी. फास्टॅगच्या खात्यातील गेल्या वर्षाच्या नोंदी काढून आपला खरा आकडा येथे घालावा. पुढच्या वर्षी किती फिरू या अंदाजावर मी तरी विसंबणार नाही.

मोहोळ परिसरात राहून रोज जाता-येता एकच नाका ओलांडणाऱ्याचा प्रश्न निराळा आहे. त्याच्या २०० फेऱ्या शंभर दिवसांतच संपतील. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी खासगी वाहनाचा जो स्थानिक मासिक पास असतो, तोच त्याला पुष्कळ स्वस्त पडेल.

आपण पुण्याहून पुढे मुंबईला जात असाल, तर द्रुतगती मार्गाचा टोल या हिशेबात बचत म्हणून धरू नये, कारण तो रस्ता राज्याच्या अखत्यारीत असल्याने हा पास तेथे चालत नाही. पास एकाच खासगी वाहनाच्या नावे असतो आणि न वापरलेल्या फेऱ्यांचे पैसे परत मिळत नाहीत. तेव्हा वर्षभरात गाडी विकण्याचा विचार असल्यास नवी गाडी येईपर्यंत थांबावे.