फुटलेली नळी कुठंय?

प्रश्न : गौरी-गणपतीला आम्ही माहेरी साताऱ्याला गेलो होतो. वरच्या मजल्यावरचे लोकही कोकणात गावी. त्यांच्या गीझरची नळी फुटून रात्रभर पाणी वाहिलं. सकाळी जिन्यात पाणी दिसलं तेव्हा वॉचमनने सगळ्यांना फोन केले. आमच्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या फुगल्या, बेडरूमचं पीओपी खाली आलं, गाद्या आणि पलंग गेला, टीव्ही भिजला. गृहकर्ज घेताना बँकेने एक पॉलिसी गळ्यात मारली होती. तिच्यावर 'भारत गृह रक्षा' असं लिहिलंय. एजंट म्हणतो, गळतीचं काही मिळत नाही, उगाच वेळ घालवू नका. वरचे लोक भले आहेत. तीस हजार देतो म्हणतात, पण 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून मागतात. आज अकरा दिवस झाले. घर साफ करून घेतलं आहे. आता काय करावं?
— एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : ताई, सगळं पत्र वाचलं आणि 'घर साफ करून घेतलं आहे' या वाक्याशी अडखळले. सव्वीस वर्षं मी सर्व्हेयरचं, म्हणजे विमा दाव्यात नुकसान पाहून मोजायचं, काम केलं. लोकांचे दावे अडतात ते पाण्यामुळे कमी, झाडूमुळे जास्त. आपल्याकडे पाणी ओसरलं की बाई पदर खोचते आणि दुपारपर्यंत फरशी चकाचक. मग सर्व्हेयर येतो आणि कोरड्या घरात उभा राहून विचारतो, नुकसान कुठंय?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. त्यानंतर मी तिथे गेले होते. बहुतेकांनी चिखल उपसून भिंती धुऊन काढल्या होत्या. एका घरात मात्र आजींनी फ्रिजमागची वीतभर भिंत धुवायची ठेवली होती. माझ्या खांद्याच्या वर चिखलाची सरळ रेघ. "सुनेला म्हटलं, एवढी राहू दे, कुणी विचारलं तर दाखवता येईल." त्या रेघेपुढे मला एक प्रश्न विचारावा लागला नाही.

तेव्हा पहिलं काम : फुटलेली नळी कुठंय? वरच्यांनी प्लंबर बोलावला असेल, त्याने नवी बसवून जुनी बाल्कनीत टाकली असेल. आजच मागून घ्या, पिशवीत घालून ठेवा. प्लंबरकडून तारखेसह बिल घ्या, त्यावर काय फुटलं ते लिहायला लावा. वॉचमनने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले असतील, ते जपा. भंगारवाल्याला ट्रॉल्या दिल्या नसतील तर देऊ नका. दिल्या असतील तर निदान जुने फोटो शोधा. गृहप्रवेशाच्या फोटोत स्वयंपाकघर हमखास असतं.

आता एजंटचं. त्याने अर्धंच सांगितलं. भिंतीत महिनोन्महिने झिरपणारी ओल, सांध्यांतून ठिबकणारं पाणी, म्हणजे जी हळूहळू होणारी झीज, ती बहुधा मिळत नाही, हे खरं. पण १ एप्रिल २०२१ पासून आलेली ही जी साचेबंद पॉलिसी आहे, तिच्या जोखमींच्या यादीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा ओसंडणं स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमचं तेच झालं. म्हणून अर्जात 'गळती' हा शब्द टाकू नका. 'अमुक तारखेच्या रात्री वरच्या सदनिकेतील गीझरची नळी अचानक फुटून पाणी खाली आले' असं लिहा. यात खोटं काही नाही, जे झालं त्याचं नाव तेवढं नीट घेतलंय.

बँकेच्या पॉलिसीत पुष्कळदा फक्त वास्तू असते, सामान नसतं. पहिल्या पानावर दोन्ही आकडे बघा. वास्तू आणि सामान दोन्ही घेतलं असेल, तर घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख, एवढं सर्वसाधारण सामान आपोआप धरलेलं असतं. दागिने त्यात नाहीत. सामान नसलं तरी निराश होऊ नका : पीओपी, प्लास्टर, रंग, वायरिंग हा घराचाच भाग. भिंतीला कायमच्या ठोकलेल्या ट्रॉल्याही मी वास्तूत मागितल्या असत्या. कुणी नाही म्हटलं तर लेखी कारण मागा.

टीव्ही. कृपा करून 'चालतोय का बघू' म्हणून लावू नका. आत ओल असताना शॉर्ट झाला, तर पाण्याने गेला की विजेने, हा वाद तुम्ही स्वतः विकत घेताय. दुरुस्तीवाल्याकडून लेखी अंदाज घ्या.

आणि ती चिठ्ठी. त्यावर सही करू नका. शेजाऱ्यांवर राग धरा असं मी म्हणत नाहीये. चहा प्या, मोदक खा. पण नुकसान भरून दिल्यावर ज्याच्यामुळे ते झालं त्याच्याकडून वसूल करायचा हक्क विमा कंपनीकडे जातो. तुम्ही 'तक्रार नाही' लिहून दिलंत तर तो हक्क तुम्हीच बुडवलात, असं कंपनी म्हणू शकते. त्यांनी काही रक्कम दिलीच तर ती कंपनीला सांगा, लपवू नका.

अकरा दिवस झाले तरी कळवायचं राहिलं असेल तर आज कळवा. फोन करा, पण ईमेलही करा आणि दावा क्रमांक लिहून ठेवा. सर्व्हेयरची फी कंपनी देते, त्याच्या पेट्रोलचेसुद्धा पैसे देऊ नका. भिंत रंगवायची घाई नको. रात्री भिंतीवर वीतभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटवून ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात.

प्रश्न : आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. तीन पावसाळे गच्चीतून पाणी झिरपतं, छताला बुरशी आली. विम्यात बसेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नाही बसणार. तीन पावसाळे म्हणजे अचानक नव्हे. पण खर्च तुमचाही नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, पावसाच्या पाण्याची गळती थांबवणं सोसायटीच्या खर्चाने होतं. सचिवांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि दिवाळीनंतर द्या, म्हणजे गच्ची वाळलेली असेल आणि 'पावसात कसं करणार' हे ऐकावं लागणार नाही.