‘ताई’ आपली आणि ‘तायि’ त्यांची

प्रश्न असा आहे: बंगळूरला बदली झाल्यावर शेजारच्या कन्नड आजी चार वर्षांच्या मुलीला ‘बा तायि’ म्हणून बोलावतात. ही आपलीच ताई का? आणि एवढ्याशा पोरीला ताई कशी?

आजी तुमच्या लेकीला ताई म्हणत नाहीत, आई म्हणताहेत! कन्नडमध्ये ‘तायि’ म्हणजे आई. देवीलाही तायि आणि लाडात आलेल्या चिमुरडीलाही तायि. आपण नाही का हट्टाला पेटलेल्या मुलीला ‘अगं माझे आई, जेव आता’ म्हणत? तोच जिव्हाळा. तमिळमध्ये हाच शब्द ‘ताय्’ होतो, म्हणून मातृभाषा ती ‘ताय्मोळि’.

या ताय् शब्दाची घडण मला फार आवडते. जुन्या तमिळमध्ये आई कोणाची यावर शब्द बदलत असे: माझी आई ‘याय्’, तुझी आई ‘ञाय्’ आणि त्याची, तिची किंवा त्यांची आई ‘ताय्’. ‘कुरुंतोगै’ या संगमकालीन संग्रहातली चाळिसावी कविता ‘यायुम् ञायुम्’ अशीच सुरू होते. माझी आई आणि तुझी आई एकमेकींच्या कोण, असं त्यात प्रियकर प्रेयसीला विचारतो. पुढे याय् आणि ञाय् वापरातून गेले, आणि ‘त्यांची आई’ सगळ्यांचीच आई झाली. तिन्हींच्या पोटात ‘आय्’ आहे. काही अभ्यासक आपल्या ‘आई’चं नातं त्याच्याशी जोडतात, काही संस्कृत ‘आर्यिका’शी.

आता आपली ताई. हिंदीत ताई म्हणजे ताऊंची बायको, वडिलांच्या थोरल्या भावाची. धाकट्या भावाचे चाचा-चाची वेगळे. आपण दोघांनाही काका-काकू म्हणून मोकळे होतो. हे ताऊ-ताई संस्कृत ‘तात’वरून आलेले, आणि मराठी ताईही त्याच घरची असावी असं मला वाटतं. तात्या आपल्याकडे आहेतच, त्यांच्या शेजारी ताई सहज बसते. कन्नडमधून घेतली म्हणावं, तर अर्थ आड येतो. तिथली थोरली बहीण म्हणजे ‘अक्का’, आणि अक्का आपण अर्थासकट घेतली. तायि घेतली असती, तर ती आई म्हणूनच आली असती. ‘ताई, माई, अक्का, विचार करा पक्का’ या निवडणुकीच्या घोषणेत ताई आणि अक्का शेजारी उभ्या आहेत, पण माझ्या मते त्या आल्या दोन वेगळ्या घरांतून.

काही मराठी घरांत मुलं आईलाच ताई म्हणतात, आमच्याकडेही म्हणत. पण त्यामागे कन्नड नाही. मामा-मावश्या तिला ताई म्हणायच्या, तेच आमच्या तोंडी बसलं. शिवाय ताई आता नात्यापुरती राहिलेली नाही. किशोरीताई आमोणकर, प्रतिभाताई पाटील, गावोगावच्या अंगणवाडी ताई: वय न विचारता मान देणारा शब्द म्हणून तिच्याइतका सोयीचा दुसरा मला सुचत नाही. (गळ्यातल्या ताइताचा मात्र हिच्याशी काही संबंध नाही, तो अरबीतून आला.)

पूर्वेकडे गेलात, तर ‘ताइ’ पुन्हा भेटेल, आणि तिथे नात्याचा मागमूस नाही. बंगालीत ‘ताइ’ म्हणजे म्हणून, तेच. ‘ताइ नाकि?’ म्हणजे ‘असं होय?’ कोलकात्यात हे दिवसातून शंभरदा कानावर पडतं, आणि मराठी माणूस दर वेळी वळून बघतो. हा शब्द आपल्या ‘तो-ती-ते’च्या घराण्यातला.

असमियातली ‘ताइ’ही त्याच घराण्यातली, अर्थ ‘ती’. पण ही सलगीतली ‘ती’ आहे, लहान मुलीसाठी किंवा बरोबरीच्या मैत्रिणीसाठी. म्हणजे मराठीत जो शब्द लावल्याने मान वाढतो, तोच असमियात वडीलधाऱ्या बाईंबद्दल वापरला तर अपमान होतो. तिथे आदराने ‘तेओँ’ किंवा ‘तेखेत’ म्हणायचं. आणि गुवाहाटीत कुणाला खरोखरच ताई म्हणून हाक मारायची असेल, तर त्यासाठीचा शब्द आहे ‘बाइदेउ’.