मॉन्स्टेराला नवी पानं येतात, पण छिद्रं का पडत नाहीत?

तुमचा मॉन्स्टेरा दोन वर्षं हॉलच्या कोपऱ्यात आहे, पाणी रोज मिळतं, पानं सगळी अखंड येतात आणि आता खालची पिवळी पडू लागली आहेत. यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत: छिद्रं नाहीत ती उजेड आणि आधार नसल्यामुळे, पिवळेपणा बहुधा जास्त पाण्यामुळे.

मॉन्स्टेरा डेलिसिओसा मूळचा दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातल्या पावसाळी जंगलांचा. अळू-सुरणाच्या कुळातला, पण वेल. रोप जंगलाच्या अंधाऱ्या तळाशी उगवतं तेव्हा पानं लहान आणि अखंडच असतात. झाडाचं खोड सापडलं की हवाई मुळांनी त्याला धरून ते वर चढतं आणि उजेड वाढेल तशी पानं मोठी, कातरलेली, भोकांची होत जातात. तुमच्या हॉलमध्ये त्याचं बालपणच संपलेलं नाही.

भोकं पान उघडल्यावर पडत नाहीत. पान अगदी इवलंसं असतानाच ठरावीक ठिकाणच्या पेशी मरतात आणि पान वाढताना ती जागा रुंदावते. म्हणून आत्ता जी अखंड आहेत ती अखंडच राहणार. काय बदल झाला ते पुढच्या तीन-चार पानांत दिसेल.

कुंडी पूर्वेच्या खिडकीपासून तीन-चार फुटांवर आणा. भर दुपारी पांढऱ्या कागदावर हात धरा. पुसट पण ओळखू येणारी सावली पडायला हवी. पडत नसेल तर २०-३० वॉटचा पांढरा ग्रो लाइट (झाडांसाठीचा दिवा) पानांच्या दीड-दोन फूट वर, रोज १०-१२ तास. एकदम बाल्कनीच्या उन्हात मात्र ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यांत पान एका दुपारीत करपतं आणि ते डाग जात नाहीत.

पाण्याचं आधी मुळांवरून ठरवा. झाड कुंडीतून काढा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, ओढलं की साल हातात आणि मागे नुसता दोरा. कुजलेली सगळी मुळं स्वच्छ कात्रीने कापा. मग २ भाग कोकोपीट, २ भाग नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, १ भाग पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे), १ भाग गांडूळखत असं मिश्रण घ्या. नर्सरीतली लाल माती नको, ती कुंडीत विटेसारखी बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा दोनच इंच मोठी; फार मोठी घेतली तर मधलं मिश्रण ओलंच राहतं. यापुढे बोट दोन इंच आत कोरडं लागलं तरच पाणी, तेही खालून निथळेपर्यंत. पावसाळ्यात आठ-दहा दिवसही जाऊ शकतात.

आधार लावताना बहुतेकांची इथेच चूक होते. बाजारातली काथ्याची काठी दिसायला बरी, पण लवकर कोरडी होते आणि कोरड्या काठीत मुळं शिरत नाहीत. प्लास्टिकच्या जाळीची नळी करून त्यात भिजवलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) भरा आणि वरून पाणी घालून ती ओली ठेवा. नळी खोडाच्या पाठीमागे, म्हणजे हवाई मुळं फुटतात त्या बाजूला. बांधायचं ते खोड. पानाचा देठ बांधलात तर पान उजेडाकडे वळू शकत नाही.

नवं पान फुटू लागल्यावरच १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात), लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. मुळं कापल्यावर पहिला महिनाभर काहीच नाही.

वेल फार लांबली तर फांदी कापण्यापेक्षा गुटी बांधा, डाळिंबाला बांधतात तशी, फक्त साल काढायची गरज नाही. हवाई मूळ असलेल्या पेराभोवती ओलं मॉस आणि प्लास्टिक गुंडाळा, मुळं दिसली की खालून कापा. पेराशिवाय नुसतं पान पाण्यात ठेवून मुळं फुटलीच तरी रोप होणार नाही. आणि ऑनलाइन मिळणारं पांढऱ्या पट्ट्यांच्या मॉन्स्टेराचं ‘बी’ घेऊ नका: अल्बो या पांढऱ्या पट्ट्यांच्या प्रकारासारखे पट्टे बियांतून हमखास उतरत नाहीत, आणि खरं बी ताजं नसेल तर रुजतच नाही.

कापताना हातमोजे घाला. रसात अळूसारखेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, खाज सुटते. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं मांजर असेल तर कुंडी उंचावर.