करवतीची मींड

प्रश्न : अमेरिकन व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रंब यांच्या बँडची गाणी मुलाने ऐकवली. मिणमिणता आवाज, टणटण बँजो, मागे कुणीतरी चक्क करवत वाजवतंय! ही जुन्या गाण्यांची टर आहे की खरंच संगीत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : टर अजिबात नाही. चित्रांत क्रंब कुणालाच सोडत नाहीत, स्वतःलाही नाही. पण बँजो हातात आला की माणूस एकदम भाविक होतो. १९६८ साली त्यांनी रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनच्या बँडच्या ‘चीप थ्रिल्स’ या अल्बमचं वेष्टन रेखाटलं, तेव्हा अख्खं रॉकविश्व त्यांच्या दाराशी होतं. पण जीव अडकलेला १९२०-३०च्या तबकड्यांत. मग सत्तरच्या दशकात मित्र जमवून त्यांनी ‘चीप सूट सेरेनेडर्स’ हे टोळकं उभं केलं. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, येऊन वीसहून अधिक वर्षं उलटली असताना या मंडळींनी पहिली गाणी काढली ती मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर! तीन मिनिटांत सगळं उरकायचं. आपल्या जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या ऐकलेल्यांना ही घाई ओळखीची वाटेल.

करवतीला मात्र हसू नका. ती बहुतेकदा रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांची, तेही व्यंगचित्रकारच. मूठ मांड्यांत धरायची, पातं ‘एस’सारखं वाकवायचं आणि दाते नसलेल्या कडेवर व्हायोलिनसारखा गज फिरवायचा. वाक वाढला की सूर चढतो. पडदे नाहीत, खुणा नाहीत, नुसती मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. सुरात वाजवून बघा म्हणजे कळेल. बँडमध्ये सेलो वाजवणारे टेरी झ्वायगॉफ पुढे चित्रपट दिग्दर्शक झाले. क्रंबवरचा १९९४चा माहितीपट त्यांचाच.

क्रंब यांचा गळा बेताचाच, हे मान्य. पण तो बेतीवपणे लपवलेला नाही, म्हणून मला चालतो. नुसत्या वाद्यांच्या चिजा, विशेषतः वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या नाचाच्या) आणि हवाईयन गिटारच्या, अधिक सरस आहेत. काही गाण्यांचे शब्द चांगलेच चावट आहेत. मुलाने नेमकी कुठली ऐकवली ते तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही.

सुरुवात १९७४च्या पहिल्या एलपीपासून करा. आवडलं तर पुढे ‘ले प्रिमितिफ द्यू फ्युत्युर’ या फ्रेंच बँडकडे वळा. १९९१मध्ये क्रंब दक्षिण फ्रान्समधल्या सोव्ह गावी राहायला गेले. या बँडमधलं त्यांचं मँडोलिन माझ्या मते बँजोपेक्षा गोड आहे.