कुंपणाच्या आतले जंगल बाहेरच्या प्रदेशाला काय देते?

चहूबाजूंनी वस्तीने वेढलेल्या जंगलाला ‘संरक्षित’ घोषित केल्याने सगळ्या प्रदेशाच्या जैवविविधतेला लाभ होतो, की केवळ तेवढा हिरवा तुकडा वाचतो, असे तुम्ही विचारले आहे. मी मुलुंडला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांच्या पायथ्याशी राहतो. अनेक वर्षांच्या पाहण्यातून माझे मत असे झाले आहे की लाभ निश्चित होतो, कारण संरक्षित क्षेत्र सजीवांना जागेबरोबर वेळेचीही हमी देते. मात्र हा लाभ हद्दीबाहेरच्या जमिनीचे काय होते यावरही तितकाच अवलंबून असतो.

वेळेची हमी म्हणजे काय, हे कारवीवरून चांगले समजते. हे झुडूप साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरते. उद्यानात 2016 नंतर ते 2024 साली बहरले, तेव्हा निळ्या-जांभळ्या फुलांवर मधमाश्यांची एवढी झुंबड होती की पायवाटेवर उभे राहिले तरी गुणगुण ऐकू येत होती. सुकलेल्या बोंडांतले बी पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला बाहेर पडते आणि त्यातून नवी पिढी रुजते. आता समजा, डोंगराचा एखादा उतार सहाव्या वर्षी तोडला गेला किंवा वणव्यात जळाला, तर तिथली ती सबंध पिढी बी न देताच संपते. म्हणजे आठ वर्षे सलग हात न लागलेली जमीन कारवीला लागते, आणि मुंबई-ठाण्यासारख्या ठिकाणी अशी जमीन कायद्याच्या आधाराशिवाय उरणे मला तरी अशक्य वाटते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांना तो आधार मिळतो. त्यातही राष्ट्रीय उद्यानातील निर्बंध अधिक कडक असतात.

दुसरे उदाहरण रानपिंगळ्याचे आहे. 1884 नंतर या घुबडाची खात्रीशीर नोंद नसल्याने ते नामशेष झाले असे मानले जात होते; 1997 साली ते नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा आढळले आणि 2014 साली मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात दिसले. तानसा तलाव मुंबईला पाणी पुरवतो आणि त्याच्याभोवतीचे जंगल राखले गेले आहे. विहार आणि तुळशी हे तलावही उद्यानाच्या जंगलातच आहेत. शहराची तहान आणि पक्ष्यांचा आसरा एकाच झाडीवर अवलंबून असावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता हद्दीच्या मर्यादेकडे येतो. ठाणे खाडीचे सुमारे 17 चौरस किलोमीटर क्षेत्र 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि 2022 साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. ओहोटीच्या वेळी ऐरोलीहून होडीने गेलात तर उघड्या पडलेल्या चिखलात मान वाकवून, चोच उलटी धरून चरणारे हजारो पक्षी दिसतील. परंतु भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि पक्ष्यांना काही तास विसावण्यासाठी दुसरीकडे उथळ पाणी शोधावे लागते. नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सकडील पाणथळ जागा त्यासाठीच महत्त्वाच्या आहेत, आणि त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे भरतीचे पाणी येण्याची वाट बुजली किंवा भराव पडला, तर अभयारण्यातील चिखल कितीही उत्तम राखला तरी पक्ष्यांचा दिवस अर्धाच सुरक्षित राहतो. म्हणून खाडीविषयी बोलताना या जागांचा उल्लेख टाळला जातो तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

बिबट्यांची गोष्ट याहून लांबची आहे. 2009 साली अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला रेडिओ कॉलर (ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा) लावून माळशेज घाटात सोडण्यात आले. त्याला ‘आजोबा’ असे नाव पडले होते. तो सुमारे 120 किलोमीटर चालत थेट मुंबईच्या या उद्यानाच्या परिसरात आला. वाटेत त्याला शेते, गावे, रस्ते आणि रेल्वेमार्ग लागले. नकाशावर उद्यान आणि तुंगारेश्वर व तानसा ही अभयारण्ये असे वेगवेगळे रंगवलेले तुकडे दिसतात, पण बिबट्यासाठी तो एकच मुलूख असतो. अशी ये-जा चालू राहिली तरच एका ठिकाणच्या प्राण्यांचे रक्त दुसरीकडे मिसळते. ती थांबली तर सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या उद्यानात थोडक्या प्राण्यांचे आपसांतच प्रजनन होत राहील.

आजोबा 2011 साली मुंबईजवळच्या रस्त्यावर वाहनाची धडक बसून मरण पावला. त्यामुळे घोडबंदर रस्त्यासारख्या, उद्यानाचा मुख्य भाग आणि वसई खाडीकडचे नागला जंगल यांच्यामधून जाणाऱ्या रस्त्यांवर प्राण्यांना सुरक्षित ओलांडता येईल असे मार्ग बांधणे, हे नवे अभयारण्य घोषित करण्याइतकेच निकडीचे काम आहे असे मी मानतो.