सीसीआरएनचा (अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर नर्सेसची सर्टिफिकेशन परीक्षा) पेपर जुनाट आणि आपल्यावर अन्याय करणारा असतो का? (उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा)

ताई, तुमच्या पोस्टमध्ये तीन मुद्दे आहेत असं धरते. पेपर जुन्या प्रॅक्टिसवर असतो, भारतातून आलेल्या नर्सेसना तो, खास करून एथिक्सचे प्रश्न, मुद्दाम अवघड जाईल असा काढतात, आणि १५० पैकी २५ प्रश्नांचे मार्कच धरत नाहीत ही शुद्ध फसवणूक आहे. शेवटचा आधी घेते कारण तो सोपा आहे.

मी इथे अमेरिकेत आयसीयूमध्ये आहे आणि क्रिटिकल केअरच्याच जवळच्या एका स्पेशालिटी परीक्षेसाठी प्रश्न लिहायच्या-तपासायच्या पॅनलवर बसलेय. खरा प्रश्न एकही सांगणार नाही, तशी सही दिलेली असते, पण कामाची पद्धत बहुतेक सगळीकडे सारखीच.

तर ते २५. नवीन लिहिलेला प्रश्न कितीही तपासला तरी तो खऱ्या उमेदवारांसमोर गेल्याशिवाय कसा वागेल ते कळत नाही. म्हणून तो आधी मार्क न धरता टाकतात आणि मग बघतात की किती जणांना आला, आणि मुख्य म्हणजे ज्यांचा बाकीचा पेपर चांगला गेला त्यांना आला का. कधीकधी उलटंच दिसतं, हुशार नर्सेस चुकतात आणि काठावरच्या बरोबर, म्हणजे प्रश्नातच काहीतरी घोळ आहे, हुशार बाईला त्यात दुसरी शक्यता दिसतेय जी लिहिणाऱ्याला दिसली नव्हती. असा प्रश्न बाद किंवा दुरुस्त. ही चाचणी न घेता सरळ मार्कांना धरला असता तर तो खरा अन्याय होता. १२५ वरच तुमचा निकाल लागतो, आणि ते २५ कुठले हे सांगत नाहीत कारण सांगितलं तर कोण मन लावून सोडवेल?

आता जुनाटपणा. विषयांचं वजन कोणी प्रोफेसर मनाने ठरवत नाही. ठरावीक वर्षांनी प्रॅक्टिस अ‍ॅनालिसिस होतं, म्हणजे बेडसाइडला काम करणाऱ्या नर्सेसना मोठा सर्व्हे जातो की हे काम किती वेळा करता आणि चुकलं तर पेशंटचं किती नुकसान होईल. त्यावरून आराखडा. सीसीआरएनमध्ये ८० टक्के क्लिनिकल जजमेंट आणि २० टक्के प्रोफेशनल केअरिंग आणि एथिक्स, हे तुम्हाला माहीतच आहे. स्वान-गांझ कॅथेटर (हृदयातून फुप्फुसाच्या धमनीत घालायची, दाब मोजायची नळी) पूर्वीइतके सगळीकडे दिसत नाहीत, तर त्यावरचे प्रश्नही त्या मानाने कमी व्हायला हवेत, आणि ते या सर्व्हेतूनच होतं.

पण इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही. परीक्षा मुद्दाम थोडी मागे चालते, आणि तसंच हवं. गेल्या महिन्यात आलेल्या शोधनिबंधावर आज प्रश्न विचारला तर मोठ्या टीचिंग हॉस्पिटलातल्या नर्सला येईल आणि लहान गावातल्या बारा बेडच्या आयसीयूतलीला नाही, आणि तिची चूक काय? उलट जे अधिकृतपणे बाद झालंय ते पेपरात राहणं हे अक्षम्य. असिस्टोलमध्ये (हृदयाची हालचाल पूर्ण थांबलेली) अ‍ॅट्रोपिन हे औषध २०१० च्या गाइडलाइनमध्ये गेलं, कार्डियाक अरेस्टच्या अल्गोरिदममधून व्हॅसोप्रेसिन २०१५ मध्ये गेलं. असं काही बदललं की प्रश्नांच्या बँकेतले त्यासंबंधीचे सगळे प्रश्न बाहेर काढायचे, नुसते बरोबर उत्तरातले नाही तर चुकीच्या पर्यायातलेसुद्धा. २०२१ मध्ये ईजीएफआरच्या (किडनी किती काम करते त्याचा अंदाज) सूत्रातून वंशाचा घटक काढला, मग जुन्या सूत्राने आलेला आकडा ज्या ज्या केसमध्ये आहे ती केस परत बघा. हे कंटाळवाणं काम आहे, कोणाला दिसत नाही, आणि परीक्षा ताजी राहते ती यानेच.

खरी पंचाईत कुठे होते तर जिथे दोन व्याख्या एकाच वेळी चालू असतात. सेप्सिसच (जंतुसंसर्गाने शरीरात उसळणारी जीवघेणी प्रतिक्रिया) घ्या ना. २०१६ मध्ये सेप्सिस-३ ही नवी व्याख्या आली, सर्स (ताप, नाडी, श्वास, पांढऱ्या पेशी यांचे जुने निकष) बाजूला, सोफा (अवयव किती बिघडलेत त्याचा स्कोअर) पुढे. पण मेडिकेअरचं (इथली सरकारी आरोग्य विमा योजना) सेप-१ हे हॉस्पिटलांच्या सेप्सिस उपचाराचं मोजमाप २०१५ च्या ऑक्टोबरपासून सर्स धरून चालतंय, त्यामुळे इथली नर्स रोज सर्सवाल्या स्क्रीनिंगवर टिक करते आणि जर्नलमध्ये सोफा वाचते. मग 'ताजं' कुठलं?

समजावं म्हणून एक प्रश्न मीच रचते, कुठल्या पेपरातला नाही. न्यूमोनियाचे ६८ वर्षांचे आजोबा, लॅक्टेट ४.६, किलोला ३० मिली फ्लुइड देऊन झालंय, मॅप (सरासरी रक्तदाब) अजून ५६, म्हणजे कमीच. पहिला मसुदा असा येतो: सर्सचे किती निकष पूर्ण होतात, आणि मग रक्तदाब वाढवायला लेव्होफेड द्यायचं की रीनल डोस (किडनीसाठी म्हणून कमी मात्रेत) डोपामिन की अजून काही. पॅनल याचं काय करतं बघा. सर्स मोजायचा भाग उडतो, कारण त्याचं उत्तर कुठली व्याख्या धरली त्यावर अवलंबून. लेव्होफेड हे ब्रँडचं नाव, तिथे नॉरएपिनेफ्रिन येतं. रीनल डोस डोपामिन आता कोणी निवडतच नाही, म्हणजे तो पर्याय नावालाच, चारातला एक फुकट गेला, तिथे फेनिलेफ्रिनसारखा काहीतरी विचार करायला लावणारा हवा. मग लहान हॉस्पिटलातून आलेली बाई म्हणते आमच्याकडे प्रोटोकॉल नाही, नर्स स्वतः प्रेसर (रक्तदाब वाढवणारं औषध) सुरू करत नाही, म्हणून "नर्स काय सुरू करेल" च्या जागी "नर्सने कुठली ऑर्डर येईल असं धरून तयारीत राहावं". शेवटी कोणीतरी दाखवतं की बरोबर उत्तर बाकी तिन्हींपेक्षा लांबलचक आहे, न वाचताही ओळखू येतंय. एवढं झाल्यावर तो प्रश्न सर्सवालीला आणि सोफावालीला सारखाच सुटतो. माझ्या मते ताजं आणि न्याय्य दोन्ही इथेच साधतं, मोठमोठ्या धोरणांच्या कागदात नाही.

आता आपल्यावरचा अन्याय. प्रश्न कठीण असणं आणि प्रश्न अन्यायाचा असणं वेगळं. नर्सिंग सोडून दुसरंच काहीतरी तपासलं जात असेल तर तो अन्याय. बेसबॉल माहीत असल्याशिवाय पेशंटचं म्हणणं कळत नाही, उगाच वाकडंतिकडं इंग्रजी, "खालीलपैकी कोणतं नाही" अशी रचना जी घाईत वाचताना निसटते, हे सगळं काढून टाकायचं असतं. त्यासाठी आकड्यांची तपासणीही आहे. एकूण मार्क सारखे असलेल्या दोन गटांतल्या नर्सेस घ्यायच्या आणि बघायचं की एखाद्या विशिष्ट प्रश्नालाच एक गट जास्त का चुकतोय. मार्क सारखे धरायचे हे महत्त्वाचं. नुसतं "आपल्या मुली जास्त फेल होतात" यावरून पेपर वाकडा ठरत नाही, कदाचित शिफ्टनंतर अभ्यासाला वेळच मिळत नसेल.

पण एथिक्सच्या प्रश्नांबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य नाही. आपल्याकडे अजूनही आधी मुलाला बाहेर बोलावून सांगतात, बाबांना लगेच नको. इथे पेशंट शुद्धीवर असेल, समजण्याच्या स्थितीत असेल तर निर्णय त्याचा, आणि मुलगा कितीही रडला तरी. हे आपल्याला परकं वाटतं हे खरं, पण इथे नोकरी करायची तर हेच काम आहे. ते पेपरात विचारलं तर तो अन्याय नाही. याउलट स्टेज एकचा प्रेशर अल्सर म्हणजे फक्त "लालसर त्वचा" असं गृहीत धरलेला प्रश्न मला खटकतो, काळ्यासावळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही नीट, तिथे हात लावून गरम-गार, घट्ट-मऊ बघावं लागतं. तो अन्याय परीक्षार्थीवर नाही, पेशंटवर आहे.

पासिंगची रेषाही टक्क्यांनी ठरत नाही बरं का. पॅनलमधल्या नर्सेसना प्रत्येक प्रश्नामागे विचारतात की जेमतेम पात्र अशा शंभर नर्सेसपैकी किती जणी हा बरोबर सोडवतील. पहिल्या फेरीत सगळे नव्वद-पंच्याण्णव म्हणतात, कारण प्रत्येकाला आपल्या युनिटातली सीनियर डोळ्यासमोर येते. मग खरे आकडे दाखवले की बरेच जण खाली उतरतात. अशा पॅनलवर नुकतीच पास झालेली एखादी असायलाच हवी, नाहीतर सगळा कारभार वीस वर्षं झालेल्यांच्या हातात. आणि एखादा पेपर जरा कठीण निघाला तर त्याची रेषा तेवढी खाली येते, म्हणून मैत्रिणीला सोपा आला आणि मला अवघड याने बिचकू नका.

एक कडू बोलते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आठवून लिहिलेले प्रश्न" फिरतात ना, तुम्हीही मागितलेत वर, त्यातून होतो तो सगळ्यात मोठा अन्याय. एवढी मेहनत घेऊन तयार झालेला प्रश्न त्या एका फॉरवर्डमुळे मरतो आणि ज्या बाईकडे ग्रुप नाही ती मागे पडते. शिवाय पकडलं गेलं तर निकाल रद्द होऊ शकतो.

तुम्ही वापरताय ते २०१४ चं पुस्तक मात्र टाकून द्या, ते खरंच जुनाट आहे. एएसीएनच्या (ही परीक्षा घेणारी संस्था) साइटवर परीक्षेचं हँडबुक फुकट मिळतं, त्यातला सध्याचा आराखडा छापून भिंतीवर लावा. निकालासोबत विषयवार मार्क आले असतील, ते इथे टाका, कुठे कमी पडलंय ते बघून सांगते. रीनल-एंडोक्राइन (किडनी आणि हार्मोन) असेल असा माझा अंदाज.